पर्डी कोव्हची सोपी वाट

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी तिथे होते.

तारीख १४ ऑगस्ट २०१६, रविवार. जागा न्यूफाउंडलँड बेटाचा दक्षिण किनारा, पर्डी कोव्ह. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, माझ्या घड्याळात तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. आणि माझ्यासोबत पाच लहान मुलं होती.

मी व्हर्ना कीपिंग. मासेमारी बंद पडल्यापासून आमच्या गावाला पर्यटकांचाच काय तो आधार. म्हणून गावच्या समितीने कड्याकड्याने फिरायच्या वाटा आखल्या. पर्डी कोव्हच्या वाटेचं माहितीपत्रक मीच लिहिलं होतं. ‘सोपी वाट. जाऊन येऊन तीन तास. लहान मुलांसह सगळ्या कुटुंबाने यावं.’

पर्डी कोव्ह म्हणजे आमचं जुनं गाव. नऊ घरं. १९६७ साली सरकारने सगळ्यांना उठवून खाडीपलीकडे मोठ्या गावात आणलं. घरंसुद्धा पाण्यावर तरंगवत, होड्यांनी ओढत आणली. मी तेव्हा दोन वर्षांची होते.

मागे राहिली ती फक्त जोती.

त्या रविवारी मी लिअँडर काकांना सोबत घेतलं. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. अडुसष्ट वर्षांचे, पण पाय अजून बोकडासारखे. यायला तयारच नव्हते.

“काका, चला ना. जुन्या दोन गोष्टी सांगा. लोकांना आवडतं.”

“आवडणारच! आमचं गाव उठलं, त्यांची सहल झाली.”

“मग नका येऊ. मी सांगते काहीतरी रचून.”

“सांग की. रचून सांगण्यात बापावरच गेलीस.”

तेव्हा मी हसले होते.

तीन कुटुंबं होती. त्यातलं एक ओंटारिओचं. आई जोहाना, नवरा, आणि पाच वर्षांची ब्रिन. ब्रिन सारखी बडबडत होती. ऊन छान पडलं होतं. साडेबाराला आम्ही कोव्हमध्ये पोचलो. मी थर्मासमधला चहा आणि काकवी घातलेला पाव काढला. मुलं जोत्यांमध्ये शिरून घर-घर खेळायला लागली.

“ही माझी खोली!” ब्रिन ओरडली. “इथून दार!”

काकांनी त्या जोत्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवून बसले.

“काका, ते घर कुणाचं?”

“ट्रिफीचं.”

ट्रिफीबाईला आमच्या नव्या गावात सगळे ओळखायचे. विधवा बाई. एकच मुलगी, एफी, सहा वर्षांची. गाव उठायच्या महिनाभर आधी ती रानात बेरी तोडायला गेली, धुकं उतरलं, ती परत आली नाही. कड्यावरून समुद्रात पडली. माझ्या वडिलांना तिचा एक बूट पाण्यात सापडला होता.

ट्रिफीबाईने त्यानंतर आयुष्यात मासा तोंडात घातला नाही. तिन्ही त्रिकाळ मासा खाणाऱ्या गावात. “माझी पोर ज्यांनी खाल्ली त्यांना मी खाऊ?” म्हणायची. आम्ही पोरं तिच्या कुंपणावरून माशांची मुंडकी आत टाकायचो आणि पळायचो.

हो. मीसुद्धा.

मी पावाचे तुकडे वाटत होते आणि अचानक हात गार पडले. मान वर केली...

समुद्र दिसत नव्हता.

आमच्याकडे धुकं असंच येतं, त्यात नवल नाही. पण ते आलं की पक्षी ओरडतात, लाटा जास्तच मोठ्याने ऐकू येतात.

त्या दिवशी काहीच ऐकू येईना.

लाटासुद्धा नाही.

मुलांचा खेळ थांबला होता. पाचही जणं एकाच दिशेला बघत होती. समुद्राकडे नाही. मागे, दलदलीच्या माळाकडे.

ब्रिन जरा बाजूला सरकली. जागा करून दिल्यासारखी. मग तिने हातातला पाव मोडला, आणि अर्धा तुकडा पुढे धरला.

पुढे कुणीच नव्हतं.

“ब्रिन, कुणाला देतेस गं?” जोहानाने विचारलं.

“हिला. हिला घर सापडत नाहीये.”

“कुणाला?”

“हिचा एकच बूट आहे, आई.”

काका ताडकन उठले. चहा सांडला.

“व्हर्ना, सामान आवर. निघायचं. आत्ता.”

परतीच्या वाटेवर दलदल लागते. तिथे समितीने लाकडी फळ्या टाकल्यात. एकामागोमाग एक चालावं लागतं. पुढे मी, मध्ये कुटुंबं, सगळ्यात शेवटी काका. धुक्यात तीन माणसांपलीकडचं दिसत नव्हतं. फळ्यांवर सगळ्यांचे बूट वाजत होते. ठक, ठक, ठक.

मी मुलांची मोजणी करायला थांबले. सगळे थांबले.

आवाज थांबला नाही.

मागून कुणीतरी येत होतं. काकांच्याही मागून. हलकी पावलं... लहान.

ठक... चप्.

ठक... चप्.

एका पायात बूट. एक पाय अनवाणी, ओला.

जोहानाच्या नवऱ्याने ब्रिनला उचलून घेतलं. ब्रिन त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती, आणि घाबरलेली अजिबात नव्हती. तेच मला सहन होईना.

“ती विचारतेय, आई कुठंय?” ब्रिन म्हणाली. “आजोबांना विचारतेय.”

मी सगळ्यांना कडेला करत मागे पळाले. काका पाठमोरे उभे होते. समोर नुसतं पांढरं. टोपी काढून हातात धरली होती त्यांनी, चर्चमध्ये धरतात तशी.

“पलीकडे नेलं तिला,” ते सांगत होते. आवाज लहान पोरासारखा झाला होता. “आम्ही नेलं, एफी. ती येत नव्हती गं. आम्हीच नेलं.”

ठक... चप्.

अगदी जवळ.

मग काकांनी फळीवरून एक पाय खाली दलदलीत टाकला. मी त्यांचा दंड धरला आणि जीव खाऊन ओढलं. गुडघ्यापर्यंत रुतले होते. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

“सोड. ती एकटी आहे.”

“काका, तिथे कोणी नाही!”

“तेव्हाही तुझा बाप हेच म्हणाला होता.”

जोहानाचा नवरा धावत आला. दोघांनी मिळून त्यांना वर काढलं. मग लाटांचा आवाज एकदम सुरू झाला, कुणीतरी रेडिओ लावावा तसा. पावलं पुन्हा आली नाहीत.

गाडीपाशी पोचल्यावर कुटुंबं निघून गेली. काका माझ्या गाडीत बसून राहिले. पायातून चिखल गळत होता. मग समोरच्या काचेकडे बघतच त्यांनी सांगितलं.

एफीला चार दिवस शोधलं होतं. सगळं गाव माळावर हाका मारत फिरत होतं. तिकडे सरकारची अट होती की प्रत्येक घराची सही हवी, नाहीतर गाव हलणार नाही आणि नव्या जागेसाठीचे पैसे कुणालाच मिळणार नाहीत. आठ सह्या झाल्या होत्या. ट्रिफी सही देईना. पोर घरी येईल आणि घरच नसेल तर?

चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या वडिलांना बूट सापडला. समुद्रात नाही. माळावर, आत दोन मैल. काका सोबत होते. एकोणीस वर्षांचे.

“चिखलात पाऊल उमटलेलं होतं, व्हर्ना. एक बुटाचं, एक उघडं. डोंगराकडे जाणारं. ताजं होतं गं ते.”

“मग?”

“मी ओरडणार होतो. तुझ्या बापाने माझं तोंड दाबलं. म्हणाला, तिथे कोणी नाही, चार रात्री झाल्या, पोर काही जगत नाही. अजून आठवडाभर शोधत बसलो तर बर्फाआधी निघणं व्हायचं नाही. सगळ्यांचं वाटोळं होईल. मग आम्ही खाली उतरलो आणि त्याने बूट समुद्रात बुडवून काढला.”

“आणि तुम्ही?”

“मी ट्रिफीच्या दारात उभा राहिलो. त्याच्या शेजारी. मान हलवली.”

त्याच रात्री ट्रिफीने सही केली. सकाळी हाका बंद झाल्या.

माझे वडील चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचे. ट्रिफीबाईला दर थंडीत लाकडं फोडून द्यायचे. ती त्यांचा हात धरून म्हणायची, “निदान बूट तरी आणून दिलास रे मला.” हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. ती चौऱ्याऐंशी साली गेली. कुणीही तिला खरं सांगितलं नाही.

काकांनी पोलिसांना सगळं सांगितलं. सप्टेंबरात चार दिवस माळावर शोध झाला. काही मिळालं नाही. एकोणपन्नास वर्षांची दलदल, मिळणार काय? त्यानंतर काका दर रविवारी एकटे तिकडे जायचे आणि मोठमोठ्याने हाका मारायचे. लोक म्हणायचे, म्हातारा चळला. फेब्रुवारीत न्यूमोनियाने गेले. शेवटी शेवटी आवाज पूर्ण बसला होता.

मी समितीला सांगितलं, ती वाट बंद करा. ते म्हणाले, व्हर्ना, आपली सगळ्यात लोकप्रिय वाट आहे ती. अजून चालू आहे. माहितीपत्रकसुद्धा माझंच वापरतात. मी मात्र परत तिकडे पाऊल टाकलं नाही. आणि वडिलांच्या कबरीवरही नाही.

गेल्या वर्षी जोहानाचं पत्र आलं. ब्रिन आता मोठी झालीय. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलत नव्हती. एकदा जेवताना मात्र आपणहून बोलली. त्या मुलीने तिला अजून एक गोष्ट विचारली होती, पण आजोबा तेव्हाच रडायला लागले होते, म्हणून ब्रिनने ती सांगितली नाही.

पत्रात जोहानाने ती जशीच्या तशी लिहिली होती.

‘मला हाका ऐकू येत होत्या. मी येतच होते. मग तुम्ही थांबलात का?’

खाली जोहानाने विचारलं होतं, याचा काही अर्थ लागतो का तुम्हाला?

मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.