इंजिन तापेपर्यंत

वळणावर मोटरसायकल खोकली, अडखळली आणि बंद पडली, ती नेमकी गॅरेजच्या दारात. तिच्यावर बसलेला तरुण घड्याळजी होता. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू फिरवणारा माणूस. पण मामाने दिलेली ही जुनी गाडी त्याला दाद देत नव्हती. त्याने किक मारली. पुन्हा मारली. थंडीतही त्याला घाम फुटला.

"आणखी चार मारा, म्हणजे पाय तरी गरम होईल," दारातून आवाज आला.

हातांचं ग्रीस फडक्याला पुसत एक मुलगी उभी होती. गॅरेज तिच्या बाबांचं. पण इंजिनांच्या आवाजात त्यांचे कान गेले होते. ते आता बाकावर बसून प्लग साफ करत आणि बाकी सगळं ती बघे. तिच्या कपाळावर काळा डाग होता आणि डोळ्यांत असं हसू... की घड्याळजी किक मारायचीच विसरला.

"सकाळीच नीट लावली होती," तो म्हणाला. "घड्याळजी आहे मी. उभ्या गाडीचा वेग ठरवणारा तो आयडलिंगचा स्क्रू मी स्वतः फिरवला. अगदी शांत चालत होती."

"इंजिन थंड असताना?"

"हो. चोक ओढून सुरू केली, तर फार धडधडत होती. म्हणून कमी केली."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," ती हसू दाबत म्हणाली. "थंड इंजिन चोकच्या जोरावर धावतं. ते उसनं अवसान तुम्ही खरं मानलंत, आणि होतं तेवढं बळही काढून घेतलंत."

"मग आता?"

"आता आधी तापवायची. स्क्रूला हात नंतर."

गॅरेजची रीतच तशी होती. गाडी ज्याची त्याने रस्त्यावर नेऊन तापवायची, आणि मिस्त्रीने मागे बसून ऐकायचं. घोडं कुठे पेंड खातंय ते मागे बसल्याशिवाय कळत नाही, असं बाबा म्हणायचे. तिने वेग थोडा वाढवून इंजिन कसंबसं चालू ठेवलं, खिशात स्क्रूड्रायव्हर खोचला आणि ती मागे बसली. खांद्यावर तिचा हात अलगद टेकला... त्यानंतर धुक्यातून ते कुठे कुठे फिरले, हे घड्याळजीला आजही सांगता येत नाही.

परत आल्यावर ती गाडीपाशी उकिडवी बसली. एक हात टाकीवर, डोळे मिटलेले. हवेचा स्क्रू ती हळूहळू फिरवत राहिली. आवाज चढला, फाटला, पुन्हा जुळला. मग तिने वेग उतरवला... आणखी उतरवला... आता बंद पडणार, असं वाटलं, आणि तिथेच तो स्थिरावला. धप, धप, धप. तिने ॲक्सिलरेटरची मूठ पिळून सोडून दिली. इंजिन गरजलं आणि आपलं आपण त्याच लयीत परत आलं.

घड्याळजीच्या अंगावर काटा आला. घड्याळाला धक्का बसला की ते बिथरतं आणि दुकानात येतं. हे यंत्र एवढं खवळूनही आपल्या पायांनी घरी परतलं होतं! इतकं सुंदर काही त्याने पाहिलं नव्हतं, आणि तो नुसता इंजिनाकडे बघत नव्हता.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक गाडी ढकलत आलं. आपोआप बिघडली, म्हणालं. तिने एकदा वाकून पाहिलं आणि गाडी तशीच परत केली. "स्वतः उचकटून 'आपोआप' म्हणणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही," ती म्हणाली. मग घड्याळजीकडे वळून हसली. "तुमची झाली. आता वर्षभर इकडे फिरकायला नको."

त्याच्या काळजात चर्र झालं.

गाडी खरंच बिघडेना. त्याने ती खड्ड्यांतून नेली, चढावर दामटली. ती आपली सिग्नलला उभी राहून धप, धप, धप. यायला काही कारणच उरलं नाही. शेवटी एका सकाळी त्याने दुकानातला बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि न बघितल्यासारखं करत तो स्क्रू फिरवला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"बंद पडते. आपोआप..."

चोराच्या मनात चांदणं. त्याची नजर जमिनीवरून उठेना.

"तापवू या," ती म्हणाली.

या वेळी रस्ता ती सांगत होती. पुलावरून घ्या. अजून नाही तापलं. डावीकडे घ्या... अजून थोडं. धरणाच्या भिंतीपाशी पोचले तेव्हा धुकं पाण्यावरून उठत होतं.

गॅरेजमध्ये परतल्यावर ती स्क्रूकडे बघतच राहिली.

"ही खाच बघा. माझा स्क्रूड्रायव्हर जाड आहे. एवढा बारीक ओरखडा घड्याळवाल्याचाच."

त्याला ते परत पाठवलेलं गिऱ्हाईक आठवलं. आता आपलीही तीच गत, आणि पुन्हा या दारात पाय ठेवता येणार नाही...

"मीच फिरवला," तो म्हणाला. "पहिल्यांदा चूक झाली होती. या वेळी चूक नव्हती. गाडी बिघडेना, आणि मला तर यायचं होतं. तुम्ही मला आवडता. हवं तर गाडी परत पाठवा, पण आता खोटं नाही बोलवत."

तिने इंजिन पुन्हा त्या लयीत आणलं. बाबा बाकावरून उठून आले आणि त्यांनी टाकीवर तळवा ठेवला.

"छान," ते त्यांच्या सवयीने मोठ्यांदा म्हणाले. "पण दहा मिनिटांत तापणाऱ्या इंजिनाला आज एवढा वेळ का गं लागला?"

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

"ऐकू येत नाही. दिसतं." तिचे ओठ वाचत ते म्हणाले आणि पुन्हा प्लग घासायला गेले.

घड्याळजी थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिला. "दहा मिनिटं? मग आपण धरणापर्यंत..."

तिचे कान लाल झाले होते. नजर अजून स्क्रूवरच.

"पुलापाशीच तापलं होतं," ती पुटपुटली. "पहिल्या दिवशीसुद्धा."

इंजिन चालूच होतं. तिने स्क्रूवरचा हात काढला, फडक्याला पुसला आणि वर बघितलं.

"उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "आणि गाडी न बिघडवता ये."