शून्य कलाचं पाणी

नागपुरात त्या काळी कुणी बातमी सांगायला तोंड उघडलं, की ऐकणारा आधी विचारायचा, "कल किती?" कलमापक कायद्याने सक्तीचा झाल्यापासून ही सवय लोकांच्या हाडीमांसी खिळली होती. प्रत्येक दैनिकाच्या नावाशेजारी एक आकडा छापलेला असे. मजकूर जितका एका बाजूला झुकलेला, तितका आकडा मोठा. फारच मोठा झाला तर छपाईयंत्र सुरूच होत नसे. दैनिक 'समन्याय'चा आकडा वर्षानुवर्षं शून्यावरून हलला नव्हता. संपादक माधव रत्नपारखींना त्याचा एवढा अभिमान, की त्यांनी व्हिजिटिंग कार्डावरही शून्य छापून घेतलं होतं.

त्या दुपारी मात्र एका बातमीवर आकडा चाळीस दाखवत होता. सावरखेडच्या नळांना पाणी पुरवणाऱ्या धरणात बॅटरी कारखान्याचं शिसं उतरत होतं. प्रयोगशाळेने पाणी पुन्हा पुन्हा तपासून अहवाल दिला होता. सावरखेडला माधवरावांची धाकटी बहीण शैला राहत होती आणि तिची लेक रसिका पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पोटातल्या बाळाला शिसं काय करतं, ते अहवालात लिहिलेलं होतं.

माधवरावांनी कलमापक बनवणाऱ्या डॉ. मृदुला खानझोडे यांना बोलावून घेतलं.

"मॅडम, तुमचं यंत्र बिघडलंय. बातमी शंभर टक्के खरी आहे."

"यंत्र ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "ते खरं-खोटं मोजत नाही, माधवराव. एका पारड्यात सत्ताधाऱ्यांचं सगळं लिहिणं-बोलणं, दुसऱ्यात विरोधकांचं. दोन्हींच्या मधोमध शून्य. पाण्याबद्दल सरकार काय म्हणतंय?"

"चांगलं आहे म्हणतंय."

"आणि विरोधक?"

माधवरावांनी अहवाल मिटला. कारखानदाराने निवडणुकीत दोन्ही पक्षांना हात सैल सोडून मदत केली होती. "तेही तेच म्हणतात."

"मग मध्यबिंदू तिथेच पडणार. तुमची बातमी त्यापासून लांब आहे, म्हणून ती कललेली."

"आणि सत्य?"

"ते मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं. कलमापकाचे नियम ठरवणाऱ्या समितीत तुम्हीही होतात. तुम्ही दोन्ही बाजू मागितल्या, मी दिल्या." बाई हे बोलल्या खऱ्या, पण माधवरावांकडे बघायचं त्यांनी टाळलं.

त्या गेल्यावर माधवराव बातमी कापायला बसले. निदान काहीतरी छापून येईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. 'शिसं'चे 'काही घटक' झाले, 'पिण्यास अयोग्य'चे 'तज्ज्ञांत मतभेद' झाले. आकडा खाली येत गेला, पण तीनवर अडून बसला. शेवटी त्यांनी एक वाक्य जोडलं: घाबरण्याचं कारण नाही, असं दोन्ही पक्षांनी स्पष्ट केलं आहे. शून्य उमटलं आणि छपाईयंत्र सुरू झालं. माधवरावांना स्वतःची शिसारी आली. पण त्यांनी यंत्र थांबवलं नाही.

सकाळी उठल्याउठल्या त्यांनी सावरखेडला फोन लावला.

"शैला, नळाचं पाणी पिऊ नका. रसिकाला तर थेंबही देऊ नकोस."

"काहून रे दादा? पेपर समोरच आहे माझ्या. घाबरायचं कारण नाही म्हणते."

"पेपर सोड. मी सांगतोय ना."

"कल किती?"

ती चेष्टा करत नव्हती.

"अगं, मी तुझा सख्खा भाऊ. माझ्या बोलण्याला कसला कल?"

"तेच तर. मोजलेला नाही नं." शैलाचा आवाज मायेचा होता. "तू पाण्याची चौकशी करतोस म्हणून इथं सारे म्हणतात, तू कारखान्याच्या मागं लागलास. मी म्हटलं, त्याच्या पेपरचं शून्य बघा. तूच शिकवलं होतंस, दादा, माणसाचं ऐकू नये, आकडा बघावा."

"शैला, मीच लिहिलंय ते. ते खोटं आहे."

"मग शून्य कसं आलं?"

तेवढ्यात पलीकडून रसिकाने आईला हाक मारली.

"थांब हं दादा, पोरीला तहान लागली," शैला म्हणाली. फोन तिने चालूच ठेवला होता. माठावरचं झाकण सरकलं आणि पेला पाण्यात बुडल्याचं माधवरावांना स्पष्ट ऐकू आलं.