सातव्या शाळेचं फाटक

चष्म्याचा स्क्रू पडला म्हणून ती समोर दिसलं त्या दुकानात शिरली. चष्मेवाला गिऱ्हाइकाला विचारत होता, "काका, तुमच्या नातवाची शाळा चांगली आहे का हो?"

तिला राहवेना. पालकांना शाळा निवडायला मदत करणं हेच तिचं काम; सगळे तिला शाळाबाईच म्हणत.

"अशी विचारून शाळा मिळत नसते. आपली निवड फसली, असं कुणी कबूल करतं का?"

चष्मेवाल्यानं मान वर केली. दिवसभर लोकांचे डोळेच बघणारा माणूस, पण या डोळ्यांवर जरा अडखळला.

"मग... कशी मिळते?"

"शाळा सुटताना फाटकाबाहेर उभं राहायचं. बाहेर येणाऱ्या पोरांची तोंडं सगळं सांगतात. दोन-तीन शाळांत निकाल लागतो. मुलगा की मुलगी?"

"भाची. बहीण दोन वर्षं परदेशी आहे. पोरगी फार बोलत नाही, आधीच्या शाळेत तिला हसायचे. आणि मी हा असा... बायको नाही, अनुभव नाही."

त्यातलं 'बायको नाही' एवढंच शाळाबाईंनी नीट ऐकून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी भाचीला घेऊन दोघं फाटकं बघायला निघाली. पहिल्या शाळेतली पोरं रांगेत, चिडीचूप बाहेर आली.

"शिस्त आहे," तो म्हणाला.

"जीव नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या शाळेचं फाटक उघडलं आणि पोरं धबाधबा बाहेर आली. एकीचा डबा सांडला, तर शिपाईकाका ओरडायचं सोडून तिच्याबरोबर खाली बसून भरू लागले. ते बघून भाची खुदकन हसली.

शाळा सापडली होती. शाळाबाईंना ते लख्ख कळलं. तोंडातून मात्र निघालं, "अजून... एक-दोन बघू या?"

एक-दोनच्या पाच झाल्या. कुठे जिना उभा, कुठे मैदान अपुरं, कुठे घंटाच कर्कश! तो मुकाट मान डोलवायचा, पाऊस आला की छत्री तिच्यावर धरून स्वतः भिजायचा.

सातव्या फाटकाशी तिनं त्या दोन नंबरच्या शाळेत फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "सगळ्या जागा भरल्या हो, बाई."

स्वतःच्या हौसेपायी एका पोरीची शाळा घालवली!

"ऐका..." ती त्याच्याकडे वळली. "तुमची शाळा ती दोन नंबरचीच होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. पुढच्या पाच... माझ्यासाठी होत्या. आणि आता तिथे जागा उरली नाही."

तो हळूच म्हणाला, "त्या भरलेल्या जागांतली एक आमची आहे."

"म्हणजे?"

"ती शाळा बघितली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्ज भरून आलो."

"अहो, मग हे पाच दिवस उन्हापावसात कशाला उभे राहिलात?"

"तुम्ही बोलावत होतात... मी कशाला नाही म्हणू?"

"मामा रोज निघताना तीनदा शर्ट बदलतो," भाचीनं शांतपणे चहाडी केली.

शाळाबाईंना इतकं हलकं वाटलं, की त्या भर रस्त्यात हसत सुटल्या. डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

कान लाल झालेला चष्मेवाला म्हणाला, "उद्यापासून... फाटकाबाहेर न उभं राहता, कुठेतरी बसून भेटू या?"

"उद्या कशाला? आज काय झालंय?"