भिंतीवरचा मेव्हणा

विद्यापीठाच्या मोठ्या गेटसमोर माझं फ्रेमांचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. शहरातल्या निम्म्या डिग्र्या आमच्याच काचेमागे बसल्यात. पदवीदान सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात नामवंत माजी विद्यार्थ्यांची भिंत आहे, तिथल्या फ्रेमाही आमच्याच. न्यायाधीश, सर्जन, एक खगोलशास्त्रज्ञ. वडील मिशीत हसून म्हणायचे, "मोठी माणसं आपल्या दुकानात बनतात." मी म्हणायचो, म्हातारा फेकतोय.

शेजारी मेव्हण्याचं झेरॉक्सचं दुकान. बायकोचा थोरला भाऊ. पहिल्याच वर्षाला गटांगळ्या खाऊन विद्यापीठ सोडलं, पण तोंडात कायम, "आमच्या विद्यापीठात ना भावजी..."

मला चेव आला. पदवीदानाचा झगा भाड्याने आणला, "साहेब, जरा पोज द्या" म्हणून दुकानातल्या निळ्या पडद्यासमोर त्याला उभा केला. पडद्याला इस्त्रीने जळलेलं एक भोक आहे, ते नेमकं त्याच्या खांद्यावर आलं. झकास फ्रेम केली आणि भिंत पुसायच्या निमित्ताने न्यायाधीश आणि खगोलशास्त्रज्ञाच्या मधे ठोकून दिली. वाढदिवसाला त्याला तिथे नेऊन त्याची फिरकी घ्यायचा बेत होता.

दुसऱ्या दिवशी तिथल्या बाकावर रिटायर प्रोफेसर बसले होते. ते रोजच बसतात.

"हा माझा विद्यार्थी," ते मेव्हण्याच्या फोटोकडे बघत म्हणाले. "पहिल्या बाकावर बसायचा."

हा? हा तर कँटीनच्या शेवटच्या बाकावर बसायचा! म्हटलं, मेव्हण्याला कुणकुण लागलीय, माझ्यावरच डाव उलटवतोय. तेवढ्यात एक मुलगी पाहुण्यांना फिरवत आली. "यांनी खाडीवरचा पूल बांधला," तिने फोटोकडे हात केला. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

एवढ्या लोकांना फितवायला डोकं लागतं. मेव्हण्याकडे ते नाही. आणि त्याच्या पोटात तर काही राहत नाही.

तडक त्याच्या दुकानावर गेलो. आत एक टेलर मान खाली घालून मशीन चालवत होता.

"झेरॉक्सवाला कुठाय?"

"कोण झेरॉक्सवाला? पहिल्यापासून मीच आहे की इथे. तुमच्या पँटा कोण शिवतं, शेठ?"

मी खाली पाहिलं. पँट बरोबर मापाची होती.

मेव्हण्याला फोन लावला. आवाज त्याचाच, पण त्यातली खरखर गेलेली.

"ए मेव्हण्या, बास झालं हां आता!"

"माफ करा, आपण कोण? माझ्या सेक्रेटरीशी बोला."

घरी बायको चपात्या लाटत होती. म्हटलं, "तुझ्या दादाला जरा समजाव."

तिचं लाटणं थांबलं. "तो कशाला ऐकतोय माझं? मोठा माणूस झाला. आई गेली तेव्हासुद्धा आला नाही." तिने मनगटाने डोळे पुसले.

सासूबाईंच्या वेळी तोच माझ्या खांद्यावर डोकं टाकून रडला होता. शर्ट भिजवला होता माझा.

गंमत गेली खड्ड्यात. फोटो काढायचा, तिचा भाऊ तिला परत द्यायचा, एवढंच डोक्यात होतं. भर दुपारी व्हरांड्यात गेलो. प्रोफेसर बाकावरच होते.

फ्रेम उतरवली.

मागचा रंग कोरा करकरीत होता. आजूबाजूची भिंत पिवळी पडलेली, आणि फ्रेमच्या मापाचा तेवढाच पांढरा चौकोन. वर्षानुवर्षं काहीतरी टांगलेलं असावं, तसा.

मी शेजारच्या न्यायाधीशाकडे पाहिलं. फोटोत मागे आमचाच निळा पडदा. खांद्यापाशी जळलेलं भोक.

सर्जनच्याही मागे तेच.

पुढच्याच्याही.

"लावून टाका परत," प्रोफेसर हळूच म्हणाले. "काढून काही होत नाही. तुमच्या वडिलांनीही काढून पाहिला होता."

"कुणाचा?"

त्यांनी काठी खगोलशास्त्रज्ञाकडे केली. "भावाचा."

मला हसू आलं. माझे वडील एकुलते एक. मला काकाच नाही.

मी काचेजवळ गेलो. खगोलशास्त्रज्ञाचा डावा कान बाहेर आलेला होता, टोकाला किंचित दुमडलेला.

माझा हात आपोआप माझ्या तसल्याच दुमडलेल्या कानाकडे गेला.