भोवरा कुठे गुणगुणला?

“अगं बाई! हे काय भलतंच?”

आत्याने खोक्याचं झाकण उघडलं आणि ती मटकन खुर्चीत बसली. ताई, शंकासूर आणि टिकली, तिन्ही भाचरं खोक्यावर ओणवी झाली. तिघांचेही डोळे विस्फारले!

खोक्यात प्लॅस्टिकच्या आगगाड्या होत्या. चकचकीत पत्ते होते. पण आत्याच्या लाकडी होड्या? घरं? इवलीशी माणसं? आणि तो भोवरा? काही म्हणजे काही नव्हतं!

“चोरी!” टिकली किंचाळली. ती तिघांत धाकटी, आवाज मात्र सगळ्यांत मोठा.

“चोर बदल्यात आगगाड्या कशाला ठेवेल?” शंकासूर म्हणाला. त्याला प्रत्येक गोष्टीत शंका यायची, म्हणून तर घरात हे नाव पडलं होतं.

इतका आकांत कशासाठी, तर तो खेळ आत्याने स्वतः तयार केला होता. नाव ‘पूर’. तीन वर्षं रोज संध्याकाळी सुताराच्या कारखान्यात बसून तिने एकेक घर कानशीने घासलं होतं. जगात त्याचा एकच नमुना! तो दाखवायला ती सुट्टीत सगळ्यांना घेऊन विमानाने या परदेशातल्या बोर्डगेमच्या संमेलनाला आली होती. केवढा तो हॉल! जिकडे बघावं तिकडे टेबलं, सोंगट्या आणि खेळात बुडालेली माणसं.

खेळ छापणाऱ्या कंपनीच्या बाईंनी काल ‘पूर’ पाहिला होता. आवडलाही होता. “पण ज्याचं घर बुडालं तो खेळाबाहेर,” त्या म्हणाल्या होत्या. “ते मूल मग माश्या मारत बसणार का? यावर उत्तर असेल तर उद्या जेवणानंतर दाखवा. संध्याकाळी मी परत जातेय.”

आत्याने रात्रभर डोकं खाजवलं होतं. उत्तर काही सापडलं नव्हतं. आणि आता खेळच नाही!

“जेवण तर झालंसुद्धा,” आत्या रडवेली झाली. “बाई येतीलच आता. काय दाखवू मी त्यांना? अहो, तुम्ही होतात ना टेबलापाशी?”

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, चष्मा पुसत म्हणाले, “मी हललोसुद्धा नाही! फक्त जरासं आवरलं.”

“आवरलं?” तिघंही एकदम ओरडली. आतोबांचं आवरणं घरात प्रसिद्ध होतं. एकदा त्यांनी आवरताना इस्त्री फ्रिजमध्ये ठेवली होती!

ताईने खोकं उचलून खालून पाहिलं. तळाशी निळा ठिपका होता. “हा वाचनालयाचा ठिपका! म्हणजे... अरे देवा!”

या संमेलनात खेळांचं वाचनालय होतं. पुस्तकासारखा खेळ न्यायचा, खेळून परत करायचा. आणि खेळ तयार करणाऱ्यांची एक खोड असते, पहिला नमुना घरातल्या कुठल्यातरी जुन्या खोक्यात कोंबायचा. आत्याने ‘पूर’ आगगाड्यांच्या खेळाच्या रिकाम्या खोक्यात भरला होता. ते खोकं बघून बघून मुलांना आतला खरा खेळ खेळायची फार हौस होती. म्हणून सकाळी त्यांनी वाचनालयातून तोच आणला होता.

“म्हणजे टेबलावर हुबेहूब दोन खोकी होती,” ताई म्हणाली. “आतोबा, तुम्ही त्यातलं एक परत केलंत?”

“अर्थात! शिस्त म्हणजे शिस्त,” आतोबा अभिमानाने म्हणाले. मग त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. “अरेच्चा!”

“पळा!” खोकं काखेत मारत ताई म्हणाली.

वाचनालयाच्या खिडकीत एक मिशीवाले गृहस्थ फोनवर गप्पा मारत होते. ताईने तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं.

“शक्यच नाही!” मिशीवाल्यांनी फोनवर हात ठेवला. “परत आलेलं प्रत्येक खोकं मी काट्यावर तोलतो. एक सोंगटी कमी असली तरी कळतं. चुकीचं खोकं इथे शिरणारच नाही. चला, निघा!”

मुलं हिरमुसली. पण शंकासूर जागचा हलेना. “तो बघ काटा,” तो कुजबुजला.

काट्यावर कॉफीचा मग होता. त्याला टेकून अर्धवट खाल्लेला पाव होता!

“दुपारपासून हे काका फक्त स्वतःचा नाश्ता तोलतायत,” शंकासूर म्हणाला. “थांब, गंमत करू!”

तिघं खांबाआड गेली. ताईने हातातल्या खोक्यातल्या सगळ्या आगगाड्या पिशवीत ओतल्या. शंकासूरने निरागस चेहऱ्याने ते खोकं खिडकीवर ठेवलं. “काका, हा खेळ परत करायचाय.”

मिशीवाल्यांनी फोन खांद्यात धरला, खोकं उचललं आणि न बघता मागच्या फळीवर सरकवलं. “ठीक आहे!”

“नक्की ठीक आहे?” ताईने विचारलं आणि पिशवी खिडकीवर उपडी केली. खळ्ळकन सगळ्या आगगाड्या बाहेर!

मिशीवाले बघतच राहिले. त्यांच्या खांद्यावरून फोन निसटला आणि थेट कॉफीत पडला!

मग काय, मुकाट्याने फळीवरचं प्रत्येक आगगाड्यांचं खोकं खाली आलं. सगळ्यांच्या तळाशी निळा ठिपका.

“एक मघाशी कोणीतरी नेलं,” मिशीवाले ओशाळून म्हणाले. “रांग होती हो. कोणी नेलं, आठवत नाही.”

आता आली का पंचाईत! एवढ्या मोठ्या हॉलमध्ये शोधायचं कुठे? मुलं टेबलांमधून धावत सुटली. फासे खडखडत होते, माणसं हसत होती, कोणी जिंकल्यावर आरोळ्या ठोकत होतं. आत्याची तीन वर्षं या गर्दीत हरवली होती, आणि दोन्ही खोकी टेबलावर शेजारी शेजारी टाकून जेवायला धावली होती ती हीच तिघं!

“श्शू!” टिकली एकदम थबकली. “ऐका!”

“काय ऐकायचं? इथे बाजार भरलाय,” शंकासूर म्हणाला.

“अरे, भोवरा!”

आत्याने भोवऱ्याच्या पोटाला भोक पाडलं होतं. फिरताना तो गुणगुणायचा. आणि आता कुठूनतरी तोच आवाज येत होता... गुंऽऽऽ!

जिन्याखाली फरशीवर एक कुरळ्या केसांची मुलगी आणि तिचा लांबुडका भाऊ मांडी घालून बसले होते. समोर आत्याचा कापडी पट! घरं, होड्या, माणसं, सगळं जागच्या जागी!

टिकलीने आनंदाने उडीच मारली. “मिळालं! सगळंच्या सगळं मिळालं!”

ताई इंग्रजीत बोलली, पण त्या दोघांना इंग्रजी येत नव्हतं. कुरळी गोड हसली आणि सरकून तिघांना जागा करून दिली. लांबुडक्याने प्रत्येकाच्या हातात एकेक लाकडी माणूस दिला.

“एकच डाव,” टिकली म्हणाली आणि बसलीसुद्धा!

भोवरा फिरला, कलंडला आणि टिकलीच्या घराकडे टोक करून पडला. पूर आला! टिकलीने सुस्कारा टाकला. “गेले मी,” म्हणत ती उठली.

पण कुरळीने तिचा हात धरून खाली ओढलं. काहीतरी बोलली. टिकलीला एक अक्षर कळलं नाही. मग कुरळीने टिकलीचा लाकडी माणूस उचलला आणि स्वतःच्या घरात ठेवला. लांबुडक्याने हाताने खूण केली, आता या घरात दोघी, पुढची होडी दोघींनी मिळून हाकायची!

“ए, असा नियम नाहीये!” शंकासूर ओरडला. “नियमांचा कागद तर आत्याच्या पर्समध्ये आहे. यांनी आपल्या मनानेच...”

त्याने ताईकडे पाहिलं. ताई आ वासून त्याच्याकडे बघत होती.

“आत्याऽऽ!”

पाचही जण पट, खोकं आणि सोंगट्या कवटाळून धावले. टेबलापाशी कंपनीच्या बाई येऊन बसल्या होत्या. आत्या मान खाली घालून माफी मागत होती.

“आत्या, मिळालं!” ताई धापा टाकत म्हणाली. “आणि उत्तरही मिळालं!”

खेळ मांडला गेला. या वेळी बाईंचंच घर बुडालं. कुरळीने लगेच त्यांचा माणूस आपल्या घरात घेतला आणि मघाचंच काहीतरी बोलली. बाईंना तिची भाषा येत होती. त्या चकित होऊन तिच्याकडे बघत राहिल्या.

“काय म्हणाली ती?” टिकलीने अधीरपणे विचारलं.

“ती म्हणाली, ‘रडू नकोस, माझ्या घरी चल.’”

आत्याच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. “तीन वर्षं मी गणितं मांडत बसले,” ती म्हणाली. “हे इतकं सोपं होतं?”

“हा खेळ मी छापणार!” बाई टेबलावर थाप मारून म्हणाल्या. “आणि खोक्यावर या पाच जणांची चित्रं असतील. पोरांनो, कमाल केलीत!” लांबुडक्याला त्यांनी हे त्याच्या भाषेत सांगितलं, तेव्हा त्याने शंकासूरला कडकडून मिठीच मारली.

“शाबास रे माझ्या वाघांनो!” आत्या म्हणाली. पाठीमागून मिशीवालेही टाळ्या वाजवत होते. त्यांच्या काट्यावर आता कॉफीचा मग नव्हता.

आतोबांचाही ऊर भरून आला. ते उठले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, “चला, आता मी हे सगळं नीट आवरून...”

“नाऽऽही!” सगळे एका सुरात ओरडले. त्यात कुरळी आणि लांबुडकाही होते, आपापल्या भाषेत!