कोरी मतपत्रिका

डिकबाईंच्या दारावर दोन हात एकदमच पडले. एक ओरिशाचा, लोकरीच्या हातमोज्यातला. दुसरा यूअनचा, उघडा, थंडीनं लालबुंद झालेला.

"आधी तू," तो हसून म्हणाला.

"उपकार नकोत हं! आणि मोजे घाल. बोटं गळली तर गाव म्हणेल, ओरिशानंच तोडली."

लार्कहेडच्या नगराध्यक्षपदाला ते दोघंच उभे होते. ओरिशाचे वडील जाईपर्यंत त्या खुर्चीत बसले होते, आणि तिला ती खुर्ची जिवापाड हवी होती. यूअन गुरांचा डॉक्टर, गावात नवा. डिकबाईंनी दोघांना एकाच बाकावर बसवून गरम सूप वाढलं आणि मत कुणाला ते काही सांगितलं नाही.

मग मतं मागत फिरताना तो तिला दारोदार भेटतच राहिला. एकदा वाऱ्यानं तिचा प्रचाराचा फलक आडवा केला, तर बर्फात गुडघे टेकून यूअन तो उभा करत होता. तिनं खिडकीतून पाहिलं... आणि पाहतच राहिली. विरोधक असाही असतो?

लार्कहेडची एक जुनी रीत होती. उमेदवारानं आपली मतपत्रिका कोरीच टाकायची. स्वतःच्या ताटात स्वतः वाढून घ्यायचं नाही. वडिलांनी ती कधी मोडली नव्हती. मोजणीत लोक आधी कोऱ्या पत्रिकाच शोधायचे.

संध्याकाळी सभागृहात मोजणी संपली. कारकुनानं चष्मा काढून पुसला.

"दोघांना सारखीच मतं. आणि कोरी... एकही नाही."

गाव कुजबुजलं. "दोघंही हावरट निघाले की!" डिकबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या.

बरोबरी झाली की टोपीतून चिठ्ठी काढायची. कारकून टोपी शोधत होता, तेवढ्यात ओरिशानं यूअनला पायऱ्यांवर गाठलं.

"स्वतःला मत दिलंस? तू?"

"नाही." त्याचा आवाज अगदी हळू झाला. "तुला दिलं. पेन्सिल हातात घेतली, आणि... कोरी टाकवेना."

पडद्याआड, कुणी बघत नसताना, या माणसानं आपली हार स्वतःच्या हातानं लिहिली होती! ओरिशाचे डोळे भरून आले.

"आणि तू?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात आतून हाक आली.

कारकुनानं टोपीत हात घातला. सगळं गाव श्वास रोखून उभं होतं. घडी घातलेल्या दोन कागदांत केवढं काय मावलं होतं!

"ओरिशा मेल्निक!"

सगळ्यांत आधी टाळ्या यूअननं वाजवल्या. बाकीच्यांच्या जरा बेताच्याच होत्या. ओरिशा वडिलांच्या खुर्चीपाशी गेली, पण बसली नाही.

"रीत मी मोडली, हे खरं," ती म्हणाली. "पण मत मी मला नाही दिलं. यूअनला दिलं."

यूअनचे हात टाळीतच थबकले.

"अगं बाई," डिकबाई सावकाश म्हणाल्या, "मग ह्याचं कुठं गेलं?"

एकेक करून सगळ्या माना यूअनकडे वळल्या. त्याचे कान लाल झाले होते. ओरिशानं सगळ्या गावादेखत हात पुढे केला, आणि तो तिच्याकडे चालू लागला.