न भरवलेले हंस

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी आर्मांदनं नेहमीसारखा मोठ्या पातेल्यात मका शिजत घातला आणि वर मूठभर मीठ टाकलं. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, अशी आठवण मुलीनं करून दिली तेव्हा ती म्हणाली, "माझ्यासाठी नाही गं, हंसांसाठी आहे." आणि पळीभर दाणे उपसून ते उभ्या उभ्या खाल्ले.

सोलांज दर गुरुवारी तुलूझ शहरातून सोनोग्राफीचं मशीन गाडीत घालून आईकडे यायची. तिच्या प्रयोगशाळेत पिंजऱ्यांच्या रांगा होत्या. तिथे उंदरांना डुकराची चरबी आणि साखरेचं पाणी देऊन लठ्ठ केलं जाई. त्यांच्या यकृतात चरबी साठे, मग सूज येई, मग वण धरत, अगदी माणसांसारखे. हंसाचं तसं होत नाही. त्याला मका भरवला की यकृत कित्येक पटींनी फुगतं आणि भरवणं थांबवलं की काही आठवड्यांत मूळपदावर येतं, जणू काही झालंच नव्हतं. हे त्याला कसं जमतं, हा सोलांजचा गेल्या तीन वर्षांचा प्रश्न होता. त्यासाठी हंस हवे होते आणि भरवणारा हात हवा होता. या भागात फुगलेलं यकृत पक्वान्न म्हणून खातात आणि त्यासाठी आई आयुष्यभर हंस भरवत आली होती; तिच्याकडे दोन्ही होतं.

गोठ्याचे दोन खण केले होते. डाव्या खणातल्या हंसांना आर्मांद सकाळ-संध्याकाळ हातानं भरवायची. उजव्यातले दिवसभर बाहेर गवतावर चरायचे, हवं तेवढं धान्य टिपायचे आणि त्यांना कुणी शिवायचं नाही. तुलनेसाठी तसे हंस लागतात, हे आर्मांदला पटलं होतं, पण आवडलं नव्हतं.

"त्या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलंय?" त्या दिवशीही ती म्हणाली. "शेजारच्या पंगतीला वाढायचं आणि यांनी नुसतं बघायचं."

"त्यांना काही वाटत नाही, आई."

"तुला उंदरांचं कळतं, डॉक्टरीणबाई. हंसांचं मला विचार."

मग ती बुटक्या स्टुलावर बसली. एकेक हंस गुडघ्यांत धरायचा, मानेच्या बुडाशी अंगठ्यानं चाचपायचं, कालचा मका उरला असेल तर त्याला तसंच सोडायचं. नसेल तर मान सरळ वर ताणून नरसाळं लावायचं आणि दाणे उतरले की ओल्या तळव्यानं मान वरून खाली निपटायची. त्यामुळे डाव्या खणातल्या प्रत्येक हंसाच्या मानेवर पिसांची एक चपटी, तेलकट रेघ पडलेली असे. या भागात जाणत्या बायका नुसती रेघ बघून सांगतात, हंस कुणाच्या हातचा.

सोलांज काळोख पडायच्या आत निघाली. आईनं गाडीत पावाचा डबा ठेवला. निरोप नेहमीसारखाच झाला.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या यूजेनीला आर्मांद खुर्चीत बसल्या बसल्याच सापडली. रात्रीच झालं असावं, असं डॉक्टर म्हणाले.

सोलांजनं सगळं व्यवस्थित केलं. पाद्रीबाबांना निरोप धाडला, शवपेटी निवडली. प्रयोगशाळेतल्या रेमीला फोनवर एवढंच सांगितलं की इकडे जरा काही झालंय, मी काही दिवस येत नाही. काय झालं ते त्यानंच ओळखलं. एका वाक्यात सांगण्यासारखी ती गोष्ट होती आणि ते वाक्य सोडून बाकी सगळं ती बोलत होती.

हंसांचा निर्णय सोपा होता. भरवणारा हात मध्येच बदलला तर हंस घाबरतात, गुदमरतात, म्हणून हात कुणी बदलत नाही. तिनं भरवणं बंद केलं आणि दोन्ही खण गवतावर सोडले. डाव्यांची यकृतं आता उतरणीला लागतील, ती रोज मोजायची. यूजेनीनं पातेलं घासून पालथं घातलं.

अंत्यसंस्कारानंतरच्या सकाळी सोलांजनं पहिला हंस धरला आणि सवयीनं मानेच्या बुडाशी अंगठा लावला. तिथे मका होता. नुसता मका नव्हे, ऊन मका. पिसांतून ऊब बोटांना लागत होती.

तो उजव्या खणातला हंस होता.

तिनं त्याची मान पाहिली. पिसांत चपटी, तेलकट रेघ होती. दुसऱ्या हंसालाही होती, तिसऱ्यालाही. एकाला खाली वाकवून तिनं हलक्या हातानं थोडे दाणे वर काढले. ते शिजलेले, बोटांत चुरडणारे होते. तिनं एक जिभेवर ठेवला. मीठ जास्त होतं.

पातेलं पालथंच होतं. चूल थंड होती. मक्याच्या पोत्याचं तोंड तिनं स्वतः बांधलं होतं, ती गाठ तशीच होती.

रेमी फोनवर म्हणाला, गावातलं कुणीतरी मायेनं भरवत असेल, नवं कुलूप लाव. हे तिलाही पटलं. तिनं कुलूप आणलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही खणांतल्या माना पुन्हा भरलेल्या होत्या. आता तिला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटत होतं. प्रयोगात आकडा चुकला की ती अशीच बसायची, जेवण विसरून. तिनं गाडीतून मशीन आणलं आणि एकेका हंसाच्या पोटाला लावलं. निरोगी यकृत पडद्यावर करडं दिसतं, चरबी भरली की पांढरं. डाव्यांची यकृतं उतरलीच नव्हती आणि उजव्या खणातलीही पांढुरकी होऊ लागली होती. शेजारच्या पंगतीला आता कुणीतरी वाढत होतं.

उंदीर केव्हा किती खातात हे टिपायला प्रयोगशाळेत छोटे कॅमेरे असतात. रेमीनं त्यातला एक पाठवला. तिनं तो तुळईला बांधला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, स्वयंपाकघरात, कॉफी पीत चित्रण पाहिलं.

गोठ्यात माणूस कुणी नव्हतं. हंस झोपले होते. मग उजव्या खणातला एक उठला, चालत स्टुलापाशी आला आणि वळून बसला. त्याची मान सावकाश सरळ वर ताणली गेली. चोच उघडली. मानेच्या आत गाठीसारखं काहीतरी उतरत गेलं. मग वरपासून खालपर्यंत पिसं दबली, पुन्हा एकदा दबली. हंस उठून गेला. दुसरा आला.

ज्या हंसांना जन्मात कुणी भरवलं नव्हतं, ते ओळीनं येत होते. एक आला, बसला आणि मान न ताणताच परत गेला. सकाळी त्याच्या मानेत कालचा मका उरलेला होता, हे सोलांजला आठवलं.

कॉफी निवून गेली.

तिनं हे कुणाला दाखवलं नाही. दाखवावंसंही वाटलं नाही. खरं म्हणजे ती आता सकाळची वाट पाहू लागली होती. उठावं, गोठ्यात जावं, मानेच्या बुडाशी हात लावावा. त्या उबेवर हात ठेवून ती बराच वेळ उभी राही.

पण हंस जड होत चालले. मशीनच्या पडद्यावर आता पांढऱ्याखेरीज काही उरलं नव्हतं. आर्मांद ठरावीक दिवसांनी थांबायची. हे थांबत नव्हतं. हंस धापा टाकू लागले, चोची उघड्या ठेवून बसू लागले. एकाला पाय उचलेना. अजून थांबलं तर ते वाचतील, यकृतं उतरतील, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? नाही थांबलं, तर आठवड्याभरात सगळे मरतील.

यूजेनी सूप घेऊन आली तेव्हा सोलांजनं हंस आजारी आहेत एवढंच सांगितलं. यूजेनीनं गोठ्याच्या दारातून आत पाहिलं, मानांवरच्या रेघा पाहिल्या.

"त्यांना सांगितलंस का?" तिनं विचारलं.

"काय सांगायचं, मावशी?"

"काय म्हणजे? घरचं माणूस गेलं की गोठ्यात जाऊन सांगायचं असतं. तुझे वडील गेले तेव्हा आर्मांदनं डॉक्टरच्या आधी गोठा गाठला होता."

"हंसांना काय कळणार आहे?"

"कळो न कळो. घरच्यानं सांगायचं, मोठ्यानं. मी सांगून चालत नाही, नाहीतर त्याच दिवशी सांगितलं असतं." सुपाचं झाकण नीट बसवत ती म्हणाली, "आर्मांद भाग्याची. झोपेतच गेली, तिला कळलंसुद्धा नाही."

यूजेनी गेल्यावर सोलांज अंगणात उभी राहिली. दूरचे डोंगर स्वच्छ दिसत होते, म्हणजे इथल्या समजुतीनं उद्या पाऊस. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं की उद्या सकाळी माना रिकाम्या असतील. हंस जगतील. आणि गोठ्यात जायचं काही कारण उरणार नाही.

संध्याकाळच्या भरवण्याच्या वेळी तिनं कुलूप काढलं.

आत उकडलेल्या मक्याचा वास होता. उजव्या खणातला एक हंस स्टुलापाशी बसला होता, मान सरळ वर, चोच उघडी. कुठूनतरी बारीक आवाज येत होता, पत्र्यावरून दाणे घसरल्यासारखा.

"ऐका," ती म्हणाली. "तुमची मालकीण..."

एकाही हंसानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांना ठाऊक असावं, पहिल्या दिवसापासूनच.

दाण्यांचा आवाज मात्र थांबला.

कामात असताना कुणी बोलायला आलं की आर्मांद असेच हात थांबवायची. मान वळवायची नाही, नुसती ऐकायची.

स्टुलापाशी कुणीतरी ऐकत होतं.

सांगायचं हंसांना नव्हतंच.

हंसाची मान तशीच वर होती. मानेवरची पिसं एका जागी दबलेली, हातभर उंचीवर, आणि तो दाब हलत नव्हता.

"आई," सोलांज म्हणाली, "गुरुवारी रात्री तू वारलीस गं."